पहिले अणुव्रत आणि पॉइंट बत्तीसचे रिव्हॉल्व्हर



पर्युषण पर्वाच्या अंकात तप, दान आणि क्षमा यांवरील लेखांच्या पंक्तीत रिव्हॉल्व्हरविषयीचे हे लेखन कदाचित आपणांस खटकेल. तथापि आज आपल्या व्यापारी समाजातील अनेक घरांत ज्या विषयाची चर्चा दार लावून होते, त्याविषयी एकाने तरी स्वतःच्या अनुभवातून मोकळेपणाने लिहावे, असे मला वाटले. मी शस्त्रपरवाना रीतसर मिळविला, त्यासाठी प्रशिक्षण घेतले आणि सुमारे पावणेदोन वर्षे ते शस्त्र अंगावर बाळगले. त्यातून जे कळले ते येथे मांडतो.

रविवार पेठेत सोन्या मारुती चौकाजवळ आमची चांदीच्या भांड्यांची घाऊक पेढी आहे. आजोबांनी सुरू केलेली ही पेढी आता आम्ही दोघे भाऊ चालवितो. राहणे मुकुंदनगरात. पेढी बंद झाल्यावर दिवसाची रोकड आणि काही माल घरी नेण्याची रीत वडिलांच्या काळापासून होती. तिच्यात जोखीम आहे हे ठाऊक असूनही सवयीने आम्ही तिच्याकडे पाहात नव्हतो.

२०२१ च्या दिवाळीनंतर आठच दिवसांनी माझ्या धाकट्या भावावर घराजवळच्या गल्लीत हल्ला झाला. दोघे जण होते, हातात कोयते होते. पिशवी त्याने लगेच सोडली असती. पण तिचा पट्टा मनगटात अडकला होता. तो सोडविण्यासाठी त्याने हात वर केला आणि समोरच्याला तो प्रतिकार वाटला. डाव्या हाताची दोन बोटे आजही वाकत नाहीत. पिशवीत रोकड थोडीच होती. पोलिसांनी दीड महिन्यात दोघांनाही पकडले. त्यांपैकी एक अवघा एकोणीस वर्षांचा होता.

त्यानंतरच्या काही महिन्यांत माझ्या मनाची जी अवस्था झाली, ती मी कोणापाशी बोललो नाही. दुकानात शिरणाऱ्या प्रत्येक अनोळखी तरुणाचे हात मी आधी पाहात असे. रात्री झोप लागत नसे. एका व्यापारी स्नेह्याने सुचविले, ‘परवान्यासाठी अर्ज करा. अंगावर शस्त्र आहे एवढे कळले तरी कोणी जवळ येत नाही.’ ते शब्द मनात घर करून बसले.

घरात विषय काढला तेव्हा आईने हातातली जपमाळ खाली ठेवली. ‘आपल्या घरात चाकूसुद्धा सुरीच्या कामापुरता असतो,’ एवढेच ती म्हणाली आणि उठून आत गेली. भाऊ मात्र माझ्या बाजूचा होता. हातावरचे बँडेज दाखवून तो म्हणाला, ‘भैया, अहिंसा आपण पाळतो. समोरचा पाळत नाही, त्याचे काय करायचे?’ या प्रश्नाला तेव्हा माझ्यापाशी उत्तर नव्हते. खरे सांगायचे तर आजही पूर्ण उत्तर नाही.

मी बारा व्रते घेतलेला श्रावक आहे. त्यामुळे अर्ज करण्यापूर्वी, विहारात असताना काही दिवस पुण्यात थांबलेल्या एका महाराजसाहेबांपुढे मी हा प्रश्न मांडला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, ‘श्रावकजी, साधूचा त्याग करणे, करविणे आणि अनुमोदन देणे या तिन्हींचा असतो. शस्त्र घ्या असे मी सांगू शकत नाही. तुम्ही घेतले तर ठीक केले असेही म्हणू शकत नाही. तुमच्या व्रताची मर्यादा काय आहे, ती तुम्हीच पुन्हा एकदा वाचा.’

मी वाचली. साधूचे महाव्रत आणि गृहस्थाचे अणुव्रत यांतील भेद आपण सर्व जाणतो. संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी असे हिंसेचे चार प्रकार सांगितले जातात. त्यांपैकी संकल्पी हिंसेचा, म्हणजे ठरवून केलेल्या हिंसेचा त्याग गृहस्थाला अनिवार्य आहे. स्वतःचे, कुटुंबाचे वा देशाचे रक्षण करताना घडणाऱ्या विरोधी हिंसेचा संपूर्ण त्याग त्याच्याकडून अपेक्षिलेला नाही. पहिल्या व्रतात आपण निरपराधी त्रस जीवांना संकल्पपूर्वक मारण्याचा त्याग करतो. ‘निरपराधी’ हा शब्द वाचताना मला हायसे वाटले. माझ्या भावावर कोयता चालविणारा निरपराधी कसा असेल?

भगवतीसूत्राच्या सातव्या शतकातील वरुण श्रावकाची कथाही मी तेव्हाच वाचली. वैशालीचा हा व्रतधारी श्रावक राजाज्ञेने रथमुसल संग्रामात उतरला. पण जो आपल्यावर प्रथम प्रहार करील त्याच्यावरच प्रहार करीन, असा त्याचा अभिग्रह होता. प्रतिपक्षाच्या बाणाने घायाळ झाल्यावरच त्याने धनुष्य ओढले, आणि मग रणभूमीतून बाजूला होऊन समाधिपूर्वक देह ठेवला. सिद्धांतात वाट आहे, असे मी स्वतःस समजाविले आणि अर्जाला लागलो. त्या कथेतील मुख्य गोष्ट तेव्हा माझ्या नजरेतून निसटली होती, हे पुढे कळले.

परवान्याची प्रक्रिया अनेकांना माहीत नसते, म्हणून थोडक्यात सांगतो. आपल्या देशात १९५९ चा शस्त्र अधिनियम आणि २०१६ चे शस्त्र नियम लागू आहेत. पुण्यासारख्या आयुक्तालयाच्या हद्दीत परवाना देण्याचा अधिकार पोलीस आयुक्तांचा. आयुक्तालय नसलेल्या भागात जिल्हाधिकाऱ्यांचा. अर्जदाराचे वय किमान २१ वर्षे हवे. अर्जासोबत ओळख आणि निवासाचे पुरावे, शारीरिक व मानसिक आरोग्याचे वैद्यकीय प्रमाणपत्र आणि शस्त्र सुरक्षितपणे हाताळण्याच्या प्रशिक्षणाचा दाखला द्यावा लागतो. स्थानिक पोलीस ठाणे चौकशी करून अहवाल पाठविते. शेजाऱ्यांना विचारले जाते, जुने गुन्हे पाहिले जातात, घरी शस्त्र कोठे ठेवणार याचीही विचारणा होते. पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हरसाठी ‘सबळ कारण’ आहे, अशी अधिकाऱ्यांची खात्री पटावी लागते. केवळ प्रतिष्ठेसाठी वा हौसेसाठी परवाना मागणे कायद्याला अभिप्रेत नाही.

त्या कारणाच्या रकान्यापाशी माझा हात थांबला. ‘भावावर झालेला सशस्त्र हल्ला आणि मौल्यवान मालाची नित्य ने-आण’ असे मी लिहिले. ते असत्य नव्हते. पण त्या वाक्यामागे भीती किती आणि राग किती, हे कोणत्याही रकान्यात विचारलेले नव्हते आणि मीही स्वतःला विचारले नाही.

प्रशिक्षण देणारे गृहस्थ सैन्यातून निवृत्त झालेले सुभेदार होते. पुण्याला नेमबाजी नवी नाही. बालेवाडीच्या श्री शिवछत्रपती क्रीडानगरीत मुले-मुली एअर रायफल आणि पिस्तुलाचा सराव करतात. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल प्रकारात कांस्यपदक मिळविणारा कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्नील कुसाळे पुण्यातच रेल्वेच्या सेवेत होता. इकडे खडकीला १८६९ पासून दारूगोळ्याचा कारखाना आहे. अशा शहरात तीन पिढ्या राहूनही आमच्या घरातील कोणी बंदुकीला कधी हात लावला नव्हता.

पहिल्या दिवशी सुभेदारांनी गोळी दिलीच नाही. रिकामे रिव्हॉल्व्हर टेबलावर ठेवून त्यांनी विचारले, ‘शेठ, हे भरलेले आहे की रिकामे?’ मी म्हणालो, ‘रिकामे.’ त्यांनी मान हलविली. ‘चूक. शस्त्र नेहमी भरलेले समजायचे. रिकाम्या बंदुकीनेच घरातली माणसे मरतात.’ मग त्यांनी आणखी तीन नियम सांगितले. ज्याला इजा करायची नाही त्याच्याकडे नळी कधीही वळवायची नाही. नेम धरून निश्चय होईपर्यंत बोट चापावर ठेवायचे नाही. आणि नेमाच्या पलीकडे काय आहे, हे पाहिल्याशिवाय गोळी सोडायची नाही.

ते चार नियम ऐकताना मला नकळत समितींची आठवण झाली. चालताना साडेतीन हात भूमी पाहून पाऊल टाकावे, वस्तू उचलताना व ठेवताना यत्न करावा, असे आपल्याला लहानपणापासून शिकविले जाते. सुभेदारांचे सारे प्रशिक्षण म्हणजे यत्नाचे प्रशिक्षण होते. तत्त्वार्थसूत्रात हिंसेची व्याख्या करताना उमास्वातींनी प्राणहरणाच्या आधी प्रमाद ठेवला आहे, तो का, हे मला प्रवचनांपेक्षा त्या टेबलापाशी अधिक स्पष्टपणे समजले.

प्रत्यक्ष गोळी झाडली तेव्हा मनगटाला बसलेला हिसका आणि कानांवर आवरण असूनही छातीत उमटलेला आवाज मी विसरलेलो नाही. पहिल्या सहांपैकी दोनच गोळ्या कागदाला लागल्या. हळूहळू हात स्थिर झाला. पाठ थोपटून घ्यावी असा नेम लागू लागला तेव्हा मला आनंद झाला, हे लपवीत नाही. त्या आनंदाचीच मला संध्याकाळच्या प्रतिक्रमणात लाज वाटली.

शेवटच्या दिवशी सुभेदारांनी एक प्रयोग केला. एका तरुणाला सुमारे २१ फुटांवर उभे केले आणि त्याने धावत यावे, मी कमरेचे रिकामे शस्त्र काढावे, असे सांगितले. तिन्ही वेळा शस्त्र पुरते बाहेर येण्याआधीच त्या तरुणाचा हात माझ्या खांद्यावर पडला. अमेरिकेतील डेनिस ट्यूलर नावाच्या पोलीस प्रशिक्षकाने १९८३ साली हे मोजून मांडले होते : धडधाकट माणूस २१ फूट अंतर सुमारे दीड सेकंदात कापतो. कोयत्याचा हल्ला त्याहूनही जवळून होतो. ‘म्हणजे उपयोग व्हायचा तर संशय येताच हात घातला पाहिजे,’ मी म्हणालो. सुभेदार गंभीर झाले. ‘शेठ, तेच तर सांगतो आहे. संशयावर हात घालाल, तर एक दिवस भलत्यावर घालाल. आणि हेही सांगा, तुमच्या पेठेत संध्याकाळी सात वाजता नेमाच्या पलीकडे काय असते?’

मी डोळ्यांसमोर आमची गल्ली आणली. हातगाडीवाला, डोक्यावर गठ्ठा घेतलेला हमाल, लग्नाची खरेदी करणाऱ्या बायका, शिकवणीहून परतणारी मुले. ज्या दिशेने निर्धास्तपणे गोळी सोडता येईल अशी एकही दिशा मला दिसली नाही. त्याच वेळी थांबलो असतो तर बरे झाले असते. पण दाखला हातात पडला होता, आणि घातलेला पैसा व वेळ वाया जाऊ नये, हा व्यापाऱ्याचा स्वभाव आडवा आला.

२०२२ च्या डिसेंबरात परवाना मिळाला. मुदत पाच वर्षांची. पूर्वी ती तीन वर्षांची होती. २०१९ च्या दुरुस्तीने ती वाढविली आणि एका परवानाधारकाकडील शस्त्रांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली. कानपूरच्या सरकारी कारखान्यात बनलेले पॉइंट बत्तीसचे सहा गोळ्यांचे रिव्हॉल्व्हर मी घेतले. दुकानदाराने त्यासोबत चामड्याचे कव्हर पुढे केले. मी म्हणालो, ‘आम्ही चामडे वापरीत नाही, कॅनव्हासचे द्या.’ तो माझ्याकडे क्षणभर पाहात राहिला आणि मग हसला. त्या हसण्याचा अर्थ मला घरी पोहोचेपर्यंत छळत होता.

शस्त्र बाळगणे म्हणजे काय, हे शस्त्र बाळगल्यावरच कळते. पाऊण किलोच्या आसपासचे ते वजन दिवसभर कमरेला जाणवत असे. सार्वजनिक ठिकाणी ते झाकलेले असावे, कोणापुढे मिरवू नये, घरी कुलुपात आणि मुलांच्या हाती लागणार नाही असे ठेवावे, असे नियम आहेत. त्यांचे पालन करता करता माझा दिवस त्या वस्तूभोवती फिरू लागला. स्थानकात जायचे तर आधी घरी जाऊन ते तिजोरीत ठेवायचे. अठ्ठेचाळीस मिनिटांच्या सामायिकात तिजोरीला कुलूप नीट लागले की नाही, हा विचार येई. आईने एकच अट घातली होती : ज्या खोलीत ती माळ जपते, त्या खोलीत ते येता कामा नये. ती अट मी पाळली. परंतु त्या पावणेदोन वर्षांत तिने मला ‘कधी येशील?’ असे विचारणे थांबविले आणि ‘नीट ये’ असे म्हणणे सुरू केले.

एका नातलगाच्या लग्नात चार तरुणांनी मला बाजूला घेऊन ‘काका, एकदा दाखवा ना’ म्हणून गळ घातली. एकाने तर वरातीत हवेत एक बार काढण्याची विनंती केली. समारंभात असा बेपर्वा गोळीबार करणे हा दोन वर्षांपर्यंतचा कारावास, एक लाख रुपयांपर्यंतचा दंड किंवा दोन्ही शिक्षांस पात्र असा गुन्हा आहे, हे त्यांना सांगितले तेव्हा त्यांचे चेहरे उतरले. मला त्यांच्या गुन्ह्यापेक्षा त्यांच्या डोळ्यांतील चमक अधिक खटकली. आमच्या घराण्याचा मान आजवर आजोबांच्या वहीतील चोख हिशेबाला होता. आता तो माझ्या कमरेकडे वळला होता.

२०२४ च्या मार्चमध्ये लोकसभा निवडणुकीची आचारसंहिता लागली आणि पोलीस ठाण्यातून शस्त्र जमा करण्याची सूचना आली. मी ते जमा करून पावती घेतली. पहिले दोन दिवस कमरेला हात जाऊन रिकामे वाटले. तिसऱ्या आठवड्यात सौ. म्हणाली, ‘तुम्ही अलीकडे झोपेत दचकत नाही.’ जूनमध्ये निकाल लागल्यावर शस्त्र परत आणले, आणि त्या रात्री मी पुन्हा दचकलो.

आता ज्या रात्रीसाठी हा लेख लिहिला, तिच्याकडे येतो.

२०२४ च्या जुलैमधील ती रात्र होती. पाऊस कोसळत होता. पेढी बंद करून मी दुचाकीवरून नेहरू रस्त्याने घरी निघालो होतो. पुढे पायापाशी पिशवी, रेनकोटाखाली शस्त्र. सेव्हन लव्ह्ज चौक ओलांडला आणि आरशात एका मोटारसायकलचा दिवा दिसला. मी वेग कमी केला, तिनेही केला. मी डावीकडे झालो, ती उजवीकडून अगदी बरोबरीला आली. दोघे जण, तोंडाला रुमाल बांधलेले. मागच्याने काहीतरी ओरडून हात खाली, माझ्या पायाकडे नेला.

माझा डावा हात मुठीवर होता. उजवा कधी सुटला आणि रेनकोटाच्या आत कधी गेला, ते मला आठवत नाही. कव्हराचे बटण उघडल्याचे बोटांना जाणवले, तेवढे स्पष्ट आठवते. गाडी हेलकावली. तेवढ्यात रुमाल खाली ओढून तो मुलगा पुन्हा ओरडला, ‘काका, स्टँड! साइड स्टँड वर घ्या!’

मी खाली पाहिले. घाईत निघताना स्टँड वर घ्यायचे राहून गेले होते. पुढच्या वळणावर ते रस्त्याला टेकून मी आपटलोच असतो. मुलाने हात वर करून निरोप दिला आणि दोघे पावसात दिसेनासे झाले. अठरा-एकोणीस वर्षांचे असतील. पुण्यात असा इशारा आपण सर्वांनी कधी ना कधी दिला आहे वा घेतला आहे.

मी गाडी कडेला लावली आणि एका बंद दुकानाच्या पायरीवर बसलो. पाय कापत होते. काही घडले नव्हते, असे कोणीही म्हणेल. कायद्याच्या दृष्टीनेही काही घडले नव्हते. पण माझ्या बोटांना ठाऊक होते की त्या मुलाने रुमाल खाली ओढला नसता, त्याचे दुसरे ओरडणे पावसात विरले असते, तर पुढची कृती काय असती याविषयी मी खात्री देऊ शकत नव्हतो. माझा जीव वाचविण्यासाठी माझ्या बरोबरीला आलेला मुलगा, आणि माझा हात शस्त्रावर.

त्या रात्री मी पहिले व्रत पुन्हा काढून वाचले. ज्या ‘निरपराधी’ शब्दाने मला दोन वर्षांपूर्वी हायसे वाटले होते, तोच आता समोर उभा राहिला. अपराध्याच्या बाबतीत गृहस्थाला सूट आहे, हे खरे. पण ती सूट वापरण्यासाठी अपराधी कोण हे आधी ओळखावे लागते. ते ओळखायला वेळ लागतो, आणि शस्त्र उपयोगी पडायचे तर तो वेळ घेता येत नाही. वेळ घ्यावा तर शस्त्र निरुपयोगी. वेळ न घ्यावा तर व्रत धोक्यात. माझ्यासारख्या, रोज सराव नसलेल्या, मनात भीती बाळगणाऱ्या व्यापाऱ्यासाठी या दोहोंच्या मधली जागा फार अरुंद आहे.

वरुणाच्या कथेतील निसटलेली गोष्टही तेव्हा ध्यानात आली. त्याने पहिला बाण स्वतःच्या अंगावर घेतला होता. म्हणून समोरचा अपराधी आहे की नाही, याविषयी त्याच्या मनात शंका उरली नाही. मी त्या कथेतून प्रहाराची परवानगी तेवढी उचलली आणि तिची किंमत मागे सोडली.

कायदाही याहून वेगळे सांगत नाही, हे मी नंतर एका वकील स्नेह्याकडून समजून घेतले. स्वसंरक्षणाचा हक्क पूर्वी भारतीय दंड संहितेत होता आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये आहे. बचावासाठी आवश्यक आहे त्याहून अधिक इजा करण्याचा अधिकार त्यात नाही, आणि पोलिसांची मदत घेण्यास अवधी असेल तर हा हक्क मिळत नाही. हातातील परवाना म्हणजे शस्त्र बाळगण्याची मुभा. ते वापरल्याचे समर्थन मात्र प्रत्येक वेळी न्यायालयापुढे नव्याने करावे लागते.

निर्णय झाला, पण तो अमलात आणणे सोपे नव्हते. एका परिचिताने, ज्याच्याकडे परवाना होता, रिव्हॉल्व्हर चांगल्या किमतीस मागितले. नियमानुसार परवानगी घेऊन ते देता आले असते. येथे पुन्हा व्रत आडवे आले. हिंसेचे साधन दुसऱ्यास देणे म्हणजे हिंसादान, आणि अनर्थदंडात त्याची गणना आहे. पंधरा कर्मादानांतील विष-वाणिज्याच्या विवेचनात हेमचंद्राचार्यांनी योगशास्त्रात विषाबरोबर शस्त्रेही घातली आहेत. ज्या वस्तूने माझी झोप घेतली ती नफ्याने दुसऱ्याच्या घरी पाठविणे मनाला पटेना. २०२४ च्या संवत्सरीनंतर पंधरा दिवसांनी मी शस्त्र आणि उरलेली काडतुसे पोलीस ठाण्यात जमा केली व परवाना रद्द करण्याचा अर्ज दिला. ठाण्यातील हवालदाराने विचारले, ‘शेठ, लोक मिळविण्यासाठी खेटे घालतात, तुम्ही परत का करता?’ मी म्हणालो, ‘माझा नेम चांगला आहे, माझी नजर चांगली नाही.’ त्याला ते कळले की नाही, ठाऊक नाही.

भावाला माझा निर्णय आजही मान्य नाही, हे प्रामाणिकपणे नोंदविले पाहिजे. तो म्हणतो, ‘भैया, तुम्हाला मुले भेटली. मला कोयते भेटले. पुन्हा भेटले तर?’ त्याची न वाकणारी बोटे समोर असताना त्याला उपदेश करण्याचा अधिकार मला नाही. सीमेवर उभ्या असलेल्या जवानाच्या, पोलिसाच्या किंवा खरोखरच जिवावर बेतलेल्या माणसाच्या हातातील शस्त्राविषयी मी बोलत नाही. चामुंडरायांसारखे सेनापती आपल्याच परंपरेत झाले आणि त्यांनीच श्रवणबेळगोळला गोम्मटेश्वरांची मूर्ती उभारविली, हेही मी विसरलेलो नाही. त्याच बाहुबलींनी भावावर उगारलेली मूठ वरच थांबविली होती, हेही विसरलेलो नाही.

भावाच्या प्रश्नाला मी एवढेच उत्तर देऊ शकलो की, पुन्हा भेट होण्याचे प्रसंगच कमी करू. रोकड घरी नेण्याची वडिलांच्या काळातील रीत आम्ही बंद केली. बहुतेक वसुली आता बँकेतून होते. माल विमा उतरवून पाठवितो. पेढी बंद करण्याची वेळ आणि जाण्याचा रस्ता रोज एकच ठेवीत नाही. एकट्याने पिशवी नेत नाही. गल्लीतील सात पेढ्यांनी मिळून कॅमेरे आणि एक रखवालदार ठेवला. आणि घरातील प्रत्येकाला सांगून ठेवले आहे : पिशवी मागितली तर द्यावी, पट्टा मनगटात अडकवू नये. हे सारे २०२१ पूर्वीच करता आले असते. ते न करणे हाही प्रमादच होता, आणि शस्त्र विकत घेऊन मी तो झाकला.

ज्या बंधूंच्या मनात परवान्याचा विचार असेल, त्यांना मी नको म्हणणार नाही; तो निर्णय ज्याचा त्याचा. मात्र अर्जातील कारणाच्या रकान्यापाशी जरा थांबावे, आपल्या गल्लीत उभे राहून नेमाच्या पलीकडे काय आहे ते पाहावे, आणि घरातील माळ जपणाऱ्या व्यक्तीचे म्हणणे पूर्ण ऐकून घ्यावे, एवढी विनंती.

संवत्सरीच्या दिवशी आपण एकमेकांच्या घरी जाऊन, दूरध्वनी करून, पत्रे पाठवून क्षमा मागतो. चौऱ्यांशी लक्ष योनींतील जीवांची क्षमा मागणे मला दरवर्षी जमते, कारण ते समोर नसतात. जुलैतील त्या रात्री माझ्या बरोबरीला आलेल्या त्या दोन मुलांची नावे मला ठाऊक नाहीत, गाडीचा क्रमांकही मी पाहिला नाही. ते आपल्या समाजाचे नसतील आणि हा अंक त्यांच्या हाती कधी पडणारही नाही. तरीही या वर्षीचे माझे पहिले मिच्छामि दुक्कडम् त्यांना.